बद्द वाजणारी वीट

वीट चांगली की वाईट, हे आमच्याकडं कानानं ठरतं. दोन विटा हातात घ्यायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर बाजूला. माझे अप्पा, मन्मथ बिराजदार, पन्नास वर्षं गवंडीकाम करतायत. त्यांचा कान एवढा तयार आहे की ट्रक मागं घेताना विटा नुसत्या हलल्या तरी ते म्हणतात, "भट्टी कच्ची राहिली, परत न्या."

तर दोन हजार एक्केचाळीसच्या डिसेंबरात माझी मैत्रीण नसीम पठाण आमच्या अंगणात नमुन्याची हातभर भिंत आणि दोन सुट्या विटा घेऊन आली. अप्पांनी त्या वाजवल्या. बद्द. त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि हात धोतराला पुसले.

"नसीम, ही माती हाय."

"मातीच आहे अप्पा. पण भाजलेली नाही आणि सिमेंटही नाही."

"मग वाजंल कशी? डोंबल?"

मी शिवकन्या. तेव्हा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात शाखा अभियंता होते. आता नाही, का नाही ते पुढं येईलच. नसीम आणि मी एका होस्टेलात राहिलो, एका ताटात जेवलो. मी इंजिनिअर झाले, ती जिवाणूंच्या मागं लागली आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता तिनं ही वीट केली.

तिचं शास्त्र सांगते, कारण ते मोठमोठ्या साहेबांना दोन वर्षांत कळलं नाही आणि आमच्या अंगणवाडीच्या गोकर्णाताईंना पाच मिनिटांत कळलं. मातीत एक जिवाणू असतो. त्याला युरिया दिला की तो युरिया फोडतो. त्यातून जे निघतं ते चुन्याशी जुळतं आणि मातीच्या दोन कणांमध्ये बारीक खडा धरतो. शंख-शिंपले ज्याचे होतात तोच हा खडा. लाखो कणांमध्ये लाखो खडे धरले की माती दगड होते. भट्टी नाही, धूर नाही. पहिले चार दिवस गोठ्यासारखा वास येतो आणि नवव्या दिवशी वीट तयार. नसीमनं असा वाण शोधला होता की जो काम संपल्यावर मरत नाही, विटेत झोपून राहतो. भिंतीला तडा गेला, त्यात दमट हवा शिरली की तो जागा होतो आणि तडा बुजवतो. ही भिंत रात्री हवेतला ओलावा पिते आणि दुपारी सोडते. म्हणून आत गार राहतं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी मातीखाली माणसं बसवनार न्हाई."

त्र्याण्णवच्या भूकंपात अप्पांची आई आणि धाकटी बहीण माळवदाच्या घराखाली गेल्या. वीस वर्षांचे अप्पा दोन दिवस हातानं माती उपसत होते. तेव्हापासून आमच्या सगळ्या पट्ट्यात एकच धडा घोकला गेला: माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे पक्कं.

नसीमनं मात्र माघार घेतली नाही. "अप्पा, तुमच्या आईला मातीनं नाही मारलं. दोन हात जाडीच्या सुट्या दगडांना कुणी बांधून घेतलं नव्हतं, आणि डोक्यावर दोन फूट मातीचं ओझं होतं. तुम्ही गवंडी आहात. तुम्हीच सांगा, खोटं बोलते का मी?"

अप्पा उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. ते बाहेर आले ते छिन्नी घेऊन. नसीमनं नमुन्याला आणलेल्या हातभर भिंतीत त्यांनी बोटभर खोल चर मारला आणि वर ओलं पोतं टाकलं. "नऊ दिसांनी बगू तुजा जिवाणू."

नवव्या दिवशी चर भरला होता. अप्पांनी नखानं खरवडलं, मग छिन्नीनं, मग त्यांनी नसीमच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "डोक्यावर माती नगं. वर बांबूच्या कैच्या आन् कौलं घालू. आन् खिडकीच्या वर चौफेर बांबूचा पट्टा देनार मी. भिंती एकमेकींना धरून ऱ्हायल्या पायजेत." तो पट्टा नसीमच्या नकाशात नव्हता. तो अप्पांच्या आईसाठी होता.

आमच्या तगरवाडीच्या अंगणवाडीला नवी खोली मंजूर होऊन तीन वर्षं झाली होती. जुनी पडली, म्हणून एकतीस पोरं पत्र्याच्या शेडमध्ये बसत. बाहेर सत्तेचाळीस अंश असले की शेडमध्ये काय होत असेल? आदल्या एप्रिलमध्ये तीन पोरांना सलाइन लावावं लागलं होतं. गोकर्णाताई सकाळपासून पोती भिजवून पत्र्यावर टाकायच्या, आणि गावाला पाणी टँकरचं! सिमेंटची खोली बांधायची तर तिच्यावर तीन आठवडे पाणी मारायचं कुठून? कंत्राटदार येऊन बघून जायचे. नसीमच्या विटेला एवढं पाणी लागत नव्हतं. मी 'नावीन्यपूर्ण काम' या शीर्षाखाली प्रस्ताव टाकला, आणि तो कुणी न वाचताच मंजूर झाला. वाचला असता तर झालाच नसता.

अप्पांनी ती खोली पंधरा इंची भिंतीची बांधली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाहेर सेहेचाळीस अंश असताना आत मी थर्मामीटर टांगला. तेहेतीस! गोकर्णाताईंनी भिंतीला गाल लावला आणि म्हणाल्या, "आगं बाई, माठच की ह्यो!"

आता फक्त दाखला घ्यायचा होता. तो मिळाला की पोरं आत.

दाखला देतं ॲप. खोलीभोवती फोन फिरवायचा, यंत्र भिंती बघतं आणि सांगतं, 'पक्के' की 'कच्चे'. तिसरं उत्तर नाही. त्या यंत्राला ज्यांनी शिकवलं त्यांनी लाखो सिमेंटच्या इमारतींचे फोटो दाखवून सांगितलं होतं की पक्कं असं दिसतं. त्यानं आमच्या तांबूस भिंती पाहिल्या आणि पाच सेकंदांत निकाल दिला: "कच्चे. मुलांना बसवण्यास अयोग्य."

मी प्रयोगशाळेला पत्र लिहिलं की भिंतीची ताकद तपासा. उत्तर आलं: "ताकदीची चाचणी फक्त पक्क्या बांधकामास लागू आहे."

मी ते पत्र घेऊन आमच्या नाईकवाडे साहेबांकडं गेले. साहेब वाईट माणूस नाही, हेच तर खरं दुखणं आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि दरसूची पुढं ओढली. दरसूची म्हणजे सरकारी बांधकामाचं पंचांग. प्रत्येक कामाला तिच्यात नंबर असतो, आणि ज्याला नंबर नाही ते काम जगात नाही.

"आयटम कुठाय मॅडम?"

"नाही साहेब. नवीन आहे."

"मग आधी दरसूचीत आणा."

"त्यांना मानक पाहिजे म्हणतात."

"मग मानक आणा."

"मानकवाले म्हणतात, कुठंतरी सरकारी बांधकामात वापर दाखवा."

"मग दाखवा की."

"साहेब, वापरायला आयटम पाहिजे!"

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साहेब मात्र हसले. "चिडता कशाला? सोपं आहे. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारा. ॲपला सिमेंट दिसलं की ते पक्कं म्हणेल. आणि मोजमाप पुस्तकात 'सिमेंटमधील वीटकाम, पंधरा इंच' असं लिहा. पोरं आत बसली म्हणजे झालं ना?"

"पण ते खोटं होईल."

"खोटं काय त्यात? भिंत आहे. उभी आहे. तुमची पोरं आणखी एक उन्हाळा शेडमध्ये भाजायचीत का?"

मोजमाप पुस्तकात अभियंत्यानं लिहिलेलं ब्रह्मवाक्य असतं. कोर्टसुद्धा ते मानतं. मी तीन दिवस ते पुस्तक पिशवीत घेऊन हिंडले. चौथ्या दिवशी शेडमधलं एक पोर ओकलं, आणि मी लिहिलं. 'सिमेंटमधील वीटकाम, पंधरा इंच.' खाली सही केली, शि. म. बिराजदार.

गिलावा करायला अप्पांनी चक्क नकार दिला. साहेबांनी दुसरे गवंडी पाठवले. काम चाललं असताना अप्पा समोरच्या लिंबाखाली पाठ करून बसले होते.

"भिंतीचं नाक दाबलंस पोरी," ते मला म्हणाले. "आन् तुजं बी."

नसीम तर भांडलीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "कागदावर माझी वीट कुठं आहे शिवा?"

"पोरं गारव्यात बसलीत ना नसीम?"

"एकतीस बसलीत. पुढच्या गावाला मी काय दाखवू? सरकारी बांधकामात वापर दाखवा म्हणतात. वापर झाला, आणि तूच लिहून दिलंस की झाला नाही." त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही.

गिलाव्यानंतर खोलीत छत्तीस झाले. शेडच्या मानानं तरी स्वर्गच. ॲप म्हणालं 'पक्के', आणि एकतीस पोरं आत गेली. मी स्वतःची समजूत काढली की चला, झालं ते बरं झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी, मला वाटलं भांडं लपलं.

दिवाळीला आमच्या उपविभागाला बक्षीस मिळालं. 'सिमेंट बांधकामातील सर्वांत थंड अंगणवाडी.' मोठ्या साहेबांनी भाषण केलं, नाईकवाडे साहेबांनी नारळ घेतला, आणि त्याच कार्यक्रमात हुकूम निघाला: तगरवाडीच्या नमुन्यावर चाळीस खोल्या. नकाशा तोच, कौलं तीच, आणि भिंतीसाठी आधार माझं मोजमाप पुस्तक. सिमेंटची भिंत. आणि सिमेंटच म्हटल्यावर पंधरा इंच कशाला, सहा इंची ब्लॉक पुरे, असं कुण्या शहाण्यानं वर दुरुस्त केलं.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी नाईकवाडे साहेबांच्या केबिनपर्यंत गेलेही. "साहेब, त्या खोल्या गार होणार नाहीत," म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, मग तुमची सही खोटी म्हणायची का?" मी गप्प बसले. नोकरी, अप्पांचं वय, घर... कारणं काय, पोत्यानं सापडतात.

मार्चपर्यंत चाळीस खोल्या उभ्या राहिल्या. खणखणीत वाजणाऱ्या, गुळगुळीत आणि पांढऱ्या. ॲपनं चाळीसच्या चाळीस पक्क्या ठरवल्या. एप्रिलमध्ये त्यांच्यात त्रेचाळीस अंश मोजले. आठ मे रोजी हिंगणमाळ नावाच्या गावी ईश्वरी नावाची चार वर्षांची मुलगी दुपारी खिचडी खाऊन भिंतीला टेकून झोपली. सगळ्यांना वाटलं, झोपलीय. उठवायला गेले तेव्हा अंग फणफणलेलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

ती उन्हानं गेली असं पेपरात आलं. मी सांगते, ती माझ्या अक्षरानं गेली.

मग चौकशी समिती आली. तीन माणसं, दोन गाड्या. त्यांना कळेना, एकाच नकाशाच्या एक्केचाळीस खोल्या, मग एकच गार कशी? मी पुढं झाले. "मी सांगते साहेब. ती सिमेंटची नाहीच." नाईकवाडे साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच पायावर धोंडा टाकला होता. टाकलाच होता.

तगरवाडीला भर दुपारी समिती खोलीत उभी राहिली. अप्पांनी छिन्नी लावली आणि परातीएवढा गिलावा एका तुकड्यात खाली पाडला. आतून तांबूस भिंत दिसली. अप्पांनी मधली एक वीट दाखवली. गिलावा धरावा म्हणून तिला छिन्नीनं मारलेले टाके तिनं आतल्या आत बुजवून टाकले होते. मी नसीमचं सगळं शास्त्र सांगितलं. थर्मामीटर दाखवला. चाळीस खोल्यांच्या भिंतीही अशाच करता येतील म्हटलं, उद्यापासून, हिंगणमाळपासून. समितीचे अध्यक्ष पुढं झाले आणि त्यांनी त्या विटेवरून हात फिरवला. मला वाटलं, कळलं यांना.

ते म्हणाले, "मग इथलं सिमेंट कुठं गेलं?"

"कुठलं सिमेंट?" मी विचारलं.

"तुमच्या पुस्तकात सिमेंटचं वीटकाम आहे. प्रत्यक्षात माती आहे. सिमेंट कुठं गेलं, मॅडम?"

चार वर्षांची पोर गेली हो! आणि यांना हरवलेलं सिमेंट शोधायचं होतं, जे कधी आलंच नव्हतं! त्या दिवसापासून चाळीस खोल्यांची फाइल खाली गेली आणि माझी वर आली. अहवालात तीन मुद्दे होते. शाखा अभियंता बिराजदार यांनी सिमेंटचा अपहार केला. तगरवाडीची खोली कच्ची व धोकादायक असून तातडीने पाडावी. उर्वरित चाळीस खोल्या नियमानुसार पक्क्या असून त्यांत दोष नाही, उष्णता ही नैसर्गिक बाब आहे.

मला निलंबित केलं. खोटं लिहिलं होतं, शिक्षा होणं बरोबरच होतं. पण जे पाप मी केलं त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, आणि जे केलं नाही त्याबद्दल चोर ठरवलं.

खोली पाडायला जूनच्या पहिल्या आठवड्यात माणसं आली. आधी तपासणीसाठी म्हणून त्यांनी सगळा गिलावा काढला, आणि ॲप परत 'कच्चे' म्हणालं. मग दरसूचीप्रमाणं काम सुरू केलं. दरसूचीत मातीची भिंत बांधायला आयटम नाही, पण पाडायला आहे! 'कच्च्या मातीच्या भिंती पाडणे, कुदळ व फावड्याने, मजूर दोन.' दोन मजूर, दोन कुदळी. मी, अप्पा आणि गोकर्णाताई लिंबाखाली उभे होतो.

पहिली कुदळ पडली आणि उसळून मजुराच्याच हाताला झिणझिण्या आल्या. सकाळपासून दुपारपर्यंत दोघांनी मिळून दोन मुठी चुरा पाडला. एका कुदळीचा दांडा मोडला. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "साहेब, ही कच्ची हाय म्हनून कुनी सांगितलं वो?" गोकर्णाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग गावच हसायला लागलं.

माझ्या जागी आलेला नवा अभियंता, सतीश घंटे, हातातलं दरसूचीचं पुस्तक चाळत होता. "साहेब, ब्रेकर मशीन मागवावं लागेल."

"मागव मग," नाईकवाडे साहेब म्हणाले.

"मशीनचा आयटम फक्त 'पक्के बांधकाम पाडणे' यात आहे. मशीन पाहिजे तर आधी ॲपवर बांधकाम पक्कं दाखवावं लागेल. वरिष्ठांच्या शेऱ्यासह."

साहेबांना घाई होती. खाली पाडली की सगळं मिटलं. त्यांनी सतीशच्या हातातून फोन घेतला, यंत्राचं उत्तर खोडलं आणि स्वतःच्या अंगठ्यानं शेरा मारला: "प्रत्यक्ष पाहणी केली. बांधकाम पक्के आहे. कुदळीने पाडणे अशक्य." ॲपनं नोंद कायम केली. आणि लगेच खाली दुसरी ओळ उमटली: "पक्के शासकीय बांधकाम पाडण्यापूर्वी ताकदीची चाचणी अनिवार्य."

अप्पा मला म्हणाले, "वाच की जोरात." मी जोरात वाचलं.

जी चाचणी मी सव्वा वर्षापूर्वी हात जोडून मागितली होती ती आता यांना स्वतःच करावी लागली. पंधरा दिवसांनी निकाल आला: ताकद हिंगणमाळच्या भिंतीच्या दीडपट. पाडण्याचा हुकूम रद्द झाला. त्या निकालावर विटेचं नाव, मातीचं प्रमाण, जिवाणूचा वाण, सगळं छापून आलं. सरकारी बांधकामात वापर झाल्याचा पहिला कागद. मी तो घेऊन नसीमच्या दारात गेले. तिनं तो दोनदा वाचला आणि मला आत घेतलं. "बस," म्हणाली, "पण मी विसरले नाही."

पोरं परत आत बसायला लागली. उघड्या भिंतीत आता पुन्हा तेहेतीस असतात. माझी चौकशी अजून चालू आहे, सिमेंट अजून सापडलेलं नाही. चाळीस खोल्या तशाच आहेत. त्यांचा प्रस्ताव मी आणि नसीम दर महिन्याला पाठवतो, आणि दर महिन्याला उत्तर येतं की सदर बांधकामे पक्की असल्याने बदलाची आवश्यकता नाही.

परवा दुपारी खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीतली असेल, पायात धूळ. गोकर्णाताईंनी पाणी दिलं. ती आत आली, भिंतीपाशी खाली बसली आणि टेकली. तिनं एकेका झोपलेल्या पोराकडं बघितलं. मग तिनं तळहात भिंतीला लावला.

"लई गार हाय," ती म्हणाली. "मी हिंगणमाळची. ईश्वरीची आई."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आमच्याकडं म्हनत होते, ही खोली बी सिमिटाचीच हाय. तशीच आमची बांधली म्हनून." तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाज चढला नव्हता. "ह्ये सिमिट हाय आसं कुनी लिवलं होतं वो, मॅडम?"

अप्पा दारात थांबले होते. त्यांनी मान खाली घातली.

"मी," मी म्हणाले. "मीच लिहिलं होतं."